हंगामी भागीदारी

समिधा बिझनेस शिकायला गेली ती चुकून.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या त्या गल्लीत दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एकीत बँकेच्या परीक्षांचा कोचिंग क्लास, दुसरीत संध्याकाळचं कम्युनिटी कॉलेज. दोन्हींचे जिने शेजारीशेजारी. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी नेमके लाईट गेले होते आणि समिधा मोबाईलच्या उजेडात पायऱ्या शोधत वर चढत होती. बँकेच्या परीक्षेला ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा राहिली होती. पुन्हा बसायची तिला इच्छा नव्हती. पण मग इच्छा आहे तरी कशाची, असं घरी विचारलं की तिला उत्तर सुचायचं नाही. तिचे बाबा, दिनकरराव, व्हेईकल फॅक्टरीत फोरमन होते. मुलीचं काही ठरत नाही म्हटल्यावर त्यांनीच तिसऱ्यांदा बँकेचा क्लास ठरवून टाकला होता.

जिन्याच्या वळणावर मागून कुणीतरी तिच्या बॅगेवर आदळलं. ओल्या रेनकोटचा वास आला.

"सॉरी... दिखा नहीं," अंधारातून एक मुलगा म्हणाला. "जर्मन का क्लास इधर ही है क्या?"

"जर्मन का पता नहीं. यहाँ तो बैंकिंग है... शायद."

"शायद?"

"लाइट नहीं है ना, भैया. मैं भी अंदाज से ही चढ़ रही हूँ."

तो हसला. आवाज न करता, नुसता श्वास सोडल्यासारखा. ते हसू तिला दिसलं नाही, पण कानाजवळून गेलेलं कळलं.

वर एकाच खोलीत इमर्जन्सी दिव्याचा उजेड होता. दोघं तिथे शिरली आणि शेवटच्या बाकावर बसली. पुढे हाफ शर्टातले एक गोल चेहऱ्याचे सर शिकवत होते. त्यांचं नाव श्यामसुंदर, हे नंतर कळलं. आपल्या जबलपूरला थंडीत असं काय पिकतं जे लांबलांबपर्यंत जातं, असं ते वर्गाला विचारत होते. सरांचं बोट फिरत फिरत येऊन समिधावर थांबलं.

"मटर," ती म्हणाली, आणि लाईट आले.

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लघु व्यवसाय प्रबंधन'. म्हणजे ना बँक, ना जर्मन. दोघांनी ते एकदमच वाचलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. तो उंच, जरा वाकून बसणारा, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब. ती ओठ दाबून हसू अडवणारी, कपाळाला ओली बट चिकटलेली. उठून जायचं तर सगळा वर्ग ओलांडावा लागणार होता. दोघंही उठली नाहीत.

मध्येच आईचा फोन आला तेव्हा समिधा बाकाखाली वाकून कुजबुजली, "हो आई, क्लासमध्येच बसून राहिली ना मी."

फोन ठेवून ती वर आली तर तो तिच्याकडे बघत होता.

"तू मराठी आहेस?"

"हो. काहून?"

"काहून..." त्याने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "म्हणजे 'का' ना? आणि ते बसून राहिली म्हणजे... आता उठायचंच नाही?"

"म्हणजे बसले आहे," ती म्हणाली. तिचे कान उगाचच गरम झाले. "आमच्याकडे असंच बोलतात."

"छान आहे," तो म्हणाला.

हे तो भाषेबद्दल म्हणाला की अजून कशाबद्दल... समिधाने तो विचार तिथेच सोडून दिला. निदान सोडायचा प्रयत्न तरी केला.

त्याचं नाव राजस. पुण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं करून त्याने कॉलेज सोडलं होतं आणि तो आईजवळ राहायला आला होता. त्याची आई, प्रतिमाताई, जबलपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकत्याच आल्या होत्या. पोरगा रिकामा बसू नये म्हणून त्यांनी त्याला जर्मन शिकायला पाठवलं आणि तो इथे येऊन पोचला. इंजिनिअरिंग का सोडलंस, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, एक दिवस वर्गात बसलो होतो आणि आपण इथे का बसलोय तेच आठवेना. सगळे हसायचे. समिधाला मात्र हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्यासारखं न ठरलेलं माणूस दुसरंही असतं तर.

दोघांनी त्या डिप्लोमाला रीतसर नाव घातलं. दिनकरराव त्यानंतर काही दिवस मुलीशी जेवणाच्या ताटावरून "मीठ दे" एवढंच बोलले. आई, नीलिमाताई, म्हणाल्या की शिकू द्या, तोवर आपण स्थळं बघू.

वर्ग मजेदार होता. कुणी किराणा दुकानदार, कुणी फौजेतून निवृत्त झालेले, कुणी लेकरांना सासूकडे ठेवून येणाऱ्या बायका. गोहलपुरात सलवार सूट शिवायचा लहानसा कारखाना चालवणाऱ्या रश्मी दीदी समिधाच्या पुढच्याच बाकावर बसत आणि सरांपेक्षा जास्त व्यवहार शिकवत. दिवाळी झाली आणि श्यामसुंदर सरांनी सांगितलं की आता पुस्तक पुरे. दोघादोघांनी मिळून एक खराखुरा धंदा करायचा, लहान का असेना, आणि मार्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून तो मांडायचा.

समिधा काही बोलायच्या आत राजस म्हणाला, "सर, हम दोनों. मटर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो फळ्याकडे बघत होता.

कल्पना सोपी होती. जवळच्या पाटन गावच्या बाजारातून शेंगा आणायच्या, गोहलपुरात रश्मी दीदींच्या अंगणात बायकांकडून सोलून घ्यायच्या आणि ताजे दाणे पिशव्यांतून घरोघरी, होस्टेलच्या मेसमध्ये पोचवायचे. सोलत बसायला आता कुणाला वेळ असतो?

डिसेंबरात ते पहाटे उठून प्रतिमाताईंच्या स्कूटरवरून पाटनला जायला लागले. दोन्ही बाजूंना शेतं, शेतांवर धुकं, धुक्यात मध्येच एखाद्या बैलाची घंटा. पहिल्याच दिवशी राजसने आपला मफलर काढून तिच्या हातात दिला.

"आणि तू?"

"पार्टनर आजारी पडला तर धंदा बसेल," तो म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.

मफलरला साबणाचा आणि थोडा त्याचा वास होता. पाटन येईपर्यंत समिधा एकच विचार करत होती. पार्टनर म्हणून दिला, की...?

बाजारात मात्र तिचा गोंधळ कुठे पळून जायचा कोण जाणे. विष्णू भैयांच्या ढिगातली शेंग ती अंगठ्याने फोडायची, दाणा दाताखाली धरायची आणि सांगायची, हा कालचा आहे, आजचा दाखवा. हिंदीत भांडायची, हसायची, हट्टाने भाव पाडायची. राजस पोती धरून बाजूला उभा राहायचा आणि तिच्याकडे असा बघत राहायचा की विष्णू भैयाच एकदा म्हणाले, भैयाजी, बोरी उधर है.

गोहलपुरात दुपारी ऊन अंगणात उतरायचं. शिवणाच्या मशिनी थांबायच्या, पुष्पा मौसी आणि बाकीच्या बायका गोल करून बसायच्या, आणि शेंगा फुटल्याचा टकटक आवाज सगळीकडे भरून जायचा. समिधाची नखं हिरवी झाली. राजसचीही झाली. एकदा दोघांचा हात एकाच शेंगेवर पडला आणि दोघांनीही ती सोडून दिली. मग दोघांनी एकदमच पुन्हा उचलली.

त्याचं काहीच सरळ कळायचं नाही. खोव्याच्या जलेबीचा शेवटचा तुकडा तो तिच्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचा, मला गोड चालत नाही. दुसऱ्या दिवशी तोच दोन जलेब्या खाताना दिसायचा. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, "उठलीस?" आता पार्टनर उठला की नाही हे पार्टनरने विचारायचंच. पण रविवारीही? रविवारी तर बाजाराला जायचं नसायचं.

शेवटी तिने रश्मी दीदींना विचारलं. दीदी कापडावर खडूने रेघ मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पूछ ले सीधे."

"क्या पूछूँ, दीदी? मुझे अपना ही नहीं पता."

"पता है तुझे," दीदी म्हणाल्या आणि कात्री चालवली.

जानेवारीत एकदा अवकाळी पाऊस आला. पोती स्कूटरवर बांधून होत नाहीत तोच टपोरे थेंब सुरू झाले आणि दोघं बाजारातल्या पत्र्याच्या शेडखाली धावली. पत्र्यावर असा आवाज की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं. ओल्या मातीचा, हिरव्या शेंगांचा वास. समिधाने एक शेंग सोलून तळहात त्याच्यापुढे धरला.

"नको," तो म्हणाला.

"खा ना. साखरेसारखे आहेत."

"मला मटार आवडत नाही, समिधा."

तिला वाटलं पावसात चुकीचं ऐकू आलं. "काय?"

"लहानपणापासून. पोह्यातला पण वेचून बाजूला काढतो."

"मग हा धंदा काहून निवडला तू?"

त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे जरा घाबरल्यासारखे दिसायचे. "धंदा कुठे निवडला मी..." तो म्हणाला. "मी तर..."

फोन वाजला. होस्टेलच्या मेसचा माणूस माल कुठपर्यंत आला ते विचारत होता. राजसने त्याला अर्धा रस्ता झाला असं सांगितलं. पाऊस कमी झाला होता. पुढचं वाक्य तसंच राहिलं आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात समिधा ते मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेने पुरं करत राहिली. एकही तऱ्हा तिला पटली नाही, आणि एकही सोडवली नाही.

फेब्रुवारीत एक स्थळ आलं. मुलाचं नाव आलोक. मूळचा अमरावतीचा, बँकेत अधिकारी, बदली होऊन जबलपूरला आलेला. दिनकररावांच्या फॅक्टरीतल्या मित्राने सुचवलं होतं. आईवडील लांब असल्यामुळे मुलगा आधी एकटाच येऊन भेटणार होता, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास. फोटो एकच आला होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात आलोक मागच्या रांगेत होता. चष्मा तेवढा दिसत होता. इकडून समिधाचाही एक फोटो गेला होता.

समिधाने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याकडे होतं ते कारण म्हणण्यासारखं आहे का, हेच तिला कळत नव्हतं. राजसलाही तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार... पार्टनरला?

रविवारी ती न्हाऊन केस पुसत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून आईचा खास पाहुण्यांसाठीचा आवाज ऐकू आला. या, या, लवकर आलात, बरं झालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं. समिधा दाराच्या पडद्याशी आली आणि तिथेच थिजली.

खुर्चीत राजस बसला होता.

पाटनचे विष्णू भैया शहरात आले होते आणि मटारचं पोतं त्याच्या घरी टाकून गेले होते, त्यातला अर्धा माल समिधाकडे ठेवायला तो आला होता. पिशवी दाराबाहेरच राहिली होती. एरवी तो गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबायचा, घरी कधी आला नव्हता. नीलिमाताईंनी उंच, चष्म्यातला, मराठी बोलणारा मुलगा पाहिला आणि पुढे काही विचारलंच नाही. त्याच्या हातात पोह्यांची बशी होती. पोह्यांत मुलीच्याच धंद्यातला मटार भरभरून घातलेला. तो एकेक घास खात होता. काही वेचत नव्हता.

दिनकररावांनी शिक्षण विचारलं.

"इंजिनिअरिंग... अर्धवट सोडलं, काका."

दिनकररावांच्या भुवया वर गेल्या. मित्राने तर एम.कॉम. सांगितलं होतं. "आणि सध्या?"

"सध्या मटार," राजस म्हणाला.

पुढे काय करायचा विचार आहे, असं दिनकररावांनी विचारलं. त्यावर राजस बशीकडे बघत म्हणाला की पुण्याच्या कॉलेजने परत घ्यायची तयारी दाखवली आहे, आई म्हणते जुलैत जा, बहुतेक जाईन.

पडद्याआड समिधाचा हात केसांतच राहिला. जुलैत? हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. इतक्या पहाटे, इतक्या धुक्यातून जाताना, एकदाही नाही.

दिनकरराव फॅक्टरीत चाळीस माणसांवर देखरेख ठेवणारे गृहस्थ. त्यांना आडवळण जमत नसे. "हे बघा, मी स्पष्टच विचारतो," ते म्हणाले. "आमची मुलगी तुम्हाला आवडली आहे का?"

राजसचा चमचा थांबला. त्याने मान वर केली आणि पडद्याकडे पाहिलं. ती तिथे आहे हे त्याला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. ओले केस, खांद्यावर टॉवेल, डोळे मोठे झालेले. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग सावकाश म्हणाला, "हो."

दारावरची बेल वाजली.

बाहेर आलोक उभा होता, हातात मिठाईचा डबा आणि पायाशी मटारची पिशवी. त्याने नाव सांगितलं. नीलिमाताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि पदर तोंडाला लावला. सगळ्यात आधी राजसला समजलं. तो उठला, बशी तिपाईवर ठेवली, काका-काकूंना नमस्कार केला आणि आलोकच्या बाजूने वाट काढत जिना उतरून गेला. मटार तिथेच राहिला.

थोड्या वेळाने आलोक आणि समिधाला गच्चीवर बोलायला पाठवलं. आलोक चांगला होता. हीच तर पंचाईत होती. त्याने तिला तिच्या धंद्याबद्दल विचारलं आणि ती बोलत सुटली, शेंगा, पाटन, पुष्पा मौसी, मेसवाले. बोलता बोलता थांबली, तर तो हसत होता.

"तुम्ही प्रत्येक वाक्यात 'आम्ही' म्हणता," तो म्हणाला. "आम्ही गेलो, आम्ही आणलं."

"पार्टनरशिप आहे ना," समिधा म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"मी तुमच्या बाबांना सांगतो की माझ्याकडून जमत नाहीये. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही." जिना उतरता उतरता त्याने विचारलं, "ती पिशवी विकायची आहे का? मी एकटाच राहतो, पण मटार खातो."

घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही. फक्त नीलिमाताई मध्येच कपाळाला हात लावून म्हणायच्या की मी त्या पोराला दुसऱ्यांदा पोहे वाढले, आणि स्वतःशीच हसायच्या. दिनकरराव पेपरात डोकं घालून बसायचे. एकदा पेपर न हलवता त्यांनी विचारलं, "तो मटारवाला... जुलैत पुण्याला जाऊन राहिला म्हणे?"

"असंल, बाबा," समिधा म्हणाली. "मला नाही सांगितलं त्यानं."

राजसने त्या रविवारबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट तो एकदम कामाचा झाला. "उठलीस?" बंद झालं. मेसेजमध्ये नुसते किलो यायचे आणि पत्ते यायचे. समिधाही किलोतच उत्तर द्यायला लागली. तिचा राग कशावर होता, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो 'हो' म्हणाला यावर? की बाबांना म्हणाला, तिला नाही म्हणाला, यावर? आणि जो जाणारच आहे, त्याच्या 'हो'चं करायचं काय? की तो नुसता घाबरला होता? त्याला वाटलं असेल, स्कूटरवर मुलगी घेऊन फिरतो म्हणून बाप जाब विचारतोय. मग तर तो 'हो' आणखीच... खरा? की आणखीच खोटा? रात्री विचार करून सकाळी उठावं, तर गुंता होता तिथेच.

होळी जवळ आली. पाटनच्या बाजारात शेंगा जून निघू लागल्या, दाणे पिठूळ. एके सकाळी विष्णू भैयांनीच सांगितलं, अब मत आना बेटा, अगली ठंड में आना. परतताना ऊन तापलं होतं. मफलर बॅगेत होता. समिधाच्या लक्षात आलं की उद्यापासून पहाटे त्याला भेटायला तिच्याकडे काही निमित्तच नाही, आणि मागच्या सीटवर तिने बाहीने डोळे पुसले. धंदा संपला म्हणून इतकं कुणी रडतं का?

मार्चअखेर सगळ्यांसमोर धंदा मांडायचा दिवस आला. रश्मी दीदी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. राजस आणि समिधा फळ्यापुढे शेजारीशेजारी उभी राहिली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. त्याने माल कसा आणला ते सांगितलं, तिने गिऱ्हाइकं कशी जोडली ते सांगितलं. सगळं व्यवस्थित झालं. श्यामसुंदर सर खूश दिसले. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि प्रत्येक जोडीला विचारायचे तोच प्रश्न विचारला.

"मान लीजिए, पार्टनर छोड़कर चला गया. फिर?"

राजसने उत्तर पाठ केलं होतं, भागीदारीचा करार वगैरे. पण तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"धंधा चलेगा, सर," समिधा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर निघाला. "मटर मुझे पहचानना आता है. मंडी में सब मुझे जानते हैं. मौसी लोग भी हैं. मैं अकेले भी चला लूँगी." ती थांबली. इथेच थांबायचं होतं. "बस... मन नहीं लगेगा."

रश्मी दीदींनी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला घेतला. श्यामसुंदर सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा राजसकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "अच्छा... चलो, अगली जोड़ी."

बाहेर व्हरांड्यात संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. समोरच्या कडुनिंबाची पिवळी पानं भुरुभुरु खाली येत होती. समिधा कठड्याला टेकून उभी होती. आपण हे काय बोलून बसलो... तेही सगळ्या वर्गासमोर. मागे पावलं वाजली.

"मघाशी म्हणालीस, ते मार्कांसाठी होतं का?" राजसने विचारलं.

"कोणतं?"

"शेवटचं."

तिने मान हलवली. नाही.

"मग मला परत सांग. मराठीत."

समिधा अडली. तिचं मराठी घरातलं, आईशी भाजीपाल्याचं, बाबांशी वेळेवर येण्याजाण्याचं. असलं काही त्या भाषेत ती कधी बोललीच नव्हती. मन लागणार नाही... छे, हे तर हिंदीच झालं. मग अचानक तिला शब्द सापडला. माहेरून आलेली मावशी परत गेली की आई दोन दिवस दारात उभी राहून जो म्हणायची, तोच.

"मला करमणार नाही," ती म्हणाली. "तू गेला तर."

राजसने चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि तो पुन्हा घालायचं विसरला.

"मला तर आत्ताच करमत नाहीये," तो म्हणाला. "गेला महिनाभर मी तुझ्याशी किलोत बोलतोय."

"मग बोलला काहून नाही? बाबांना बरं सांगितलं."

"त्यांनी विचारलं ना. मला वाटलं, स्कूटरवरून फिरवतो म्हणून हजेरी घेतायत."

"म्हणजे घाबरून म्हणाला तू हो."

"घाबरलो होतोच. पण घाबरलेला माणूस नाही म्हणतो, समिधा. हो कोण म्हणतं?"

तिला हसू आलं. रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिने तोंड फिरवलं आणि कडुनिंबाकडे पाहिलं. तो हळूच शेजारी येऊन कठड्याला टेकला. या वेळी मध्ये माणूस मावला नसता.

पुण्याचं तिला आधी सांगायला हवं होतं, असं तो स्वतःच म्हणाला. सांगितलं की ते खरं होईल, अशी भीती वाटायची. आईला अजून काही कळवलं नाही. तू म्हणशील तर नाही जाणार.

"माझ्यावर नको टाकू," समिधा म्हणाली. "माझं ठरवता ठरवता माझा जीव गेला, तुझं कुठे ठरवू? तुला काय पाहिजे?"

खाली गल्लीत ऑटोवाले हॉर्न वाजवत होते, शेजारच्या इमारतीत कोचिंगची मुलं रांगेने चढत होती. "दोन वर्षं उरलीत," तो शेवटी म्हणाला. "ती पुरी करावीशी वाटतात. आता वर्गात बसलो तर कदाचित कळेल कशाला बसलोय ते. पण परत इकडेच यायचंय. हे नक्की आहे. बाकी काही नक्की नाही."

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली. आणि कठड्यावरचा त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला, विचार न करता. दोघांच्या नखांतला हिरवा रंग एव्हाना पार गेला होता.

जुलैत पुण्याच्या गाडीवर पोचवायला तिघं गेली, प्रतिमाताई, समिधा, आणि कुणीही न सांगता शर्ट घालून तयार झालेले दिनकरराव. त्यांनी राजसची बॅग स्वतः डब्यात चढवली, सीट तपासली, पंखा चालतो का पाहिलं, आणि मग प्रतिमाताईंना म्हणाले की चला ताई, चहा घेऊ, इथला चहा बरा असतो. प्रतिमाताई काही न विचारता त्यांच्याबरोबर गेल्या.

समिधा खिडकीशी उभी राहिली. येत्या हंगामात रश्मी दीदींचं अंगण पुरणार नाही, दुसरी जागा बघायची होती. हरभऱ्याचंही करून पाहायचं होतं. हे सगळं ती त्याला सांगणार होती. गाडीने शिट्टी दिली आणि तिला त्यातलं काही आठवेना. त्याने गजांतून हात बाहेर काढला. तिने तो धरला आणि गाडीबरोबर चालू लागली.

"जाऊन ये," ती म्हणाली.

"येतो," तो म्हणाला.